संक्रांतीचे वाण आणि चौंडीची लेक

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील आमच्या वसाहतीत रात्रीची राखण करणारे एक नेपाळी कुटुंब गेली काही वर्षे राहत आहे. कुटुंबप्रमुखाला सारे ‘बहादूर’ म्हणतात. ते त्यांचे नाव नव्हे, ही गोष्ट इतक्या वर्षांत फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मागील संक्रांतीला त्यांनी आम्हां पती-पत्नींना आपल्या खोलीवर फराळाला बोलावले. नेपाळात विक्रम संवतातील माघ महिन्याच्या पहिल्या दिवशी ‘माघे संक्रान्ति’ साजरी होते. आपली मकरसंक्रांत ती हीच. सूर्य एक, राशी एक, तीळही तेच. ताटात तिळाचे लाडू होते, तांदळाच्या पिठाची कड्यासारखी गोल तळलेली सेलरोटी होती, वाटीभर तूप होते आणि गावाहून डब्यातून आणलेला ‘चाकू’ होता. चाकू म्हणजे उसाचा रस आटवून, ताणून केलेला घट्ट गूळ. ते नाव ऐकून आमच्या सौ. दचकल्या, तेव्हा त्या इवल्याशा खोलीत मोठा हशा झाला. तरुल नावाचा कंद या सणाला हवाच. तो नगरच्या भाजीबाजारात कुठून मिळणार? त्याच्या जागी रताळी उकडली होती.

ताटे वाढली ती कुटुंबातील वृद्ध मातेने. घरात तिला ‘आमा’ म्हणतात. या माउलीचे पती जाऊन पंचवीस वर्षे लोटली. मुलगा, सून, नातवंडे एकामागून एक तिच्यापुढे वाकली. तिने प्रत्येकाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला, वर तूप घातले. नंतर आमच्या सौ.च्या हातावरही ठेवला. तिच्या हातचे घेतल्यावाचून त्या घरात कोणी घास मोडला नाही.

तृप्त मनाने आम्ही जिना चढू लागलो आणि पहिल्या मजल्यावरील फलकापाशी माझे पाऊल थांबले. फलकावर सूचना होती. हळदीकुंकवाचा दिनांक, वेळ, स्थळ आणि खाली ठळक अक्षरांत ओळ : ‘सर्व सौभाग्यवती भगिनींनी अगत्य येण्याचे करावे.’ आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. वसाहतीतील निम्म्या मुलांना अक्षरओळख त्यांनी करून दिली. चार वर्षांपूर्वी त्यांचे पती गेले. तेव्हापासून त्या हळदीकुंकवाला येत नाहीत. येऊ नका, असे त्यांना कोणीही म्हटलेले नाही. ते काम फलकावरील एक शब्द दरवर्षी बिनबोभाट पार पाडतो. त्या सूचनेखाली समितीचा सदस्य म्हणून माझीही स्वाक्षरी होती. हा लेख त्या स्वाक्षरीसाठी लिहीत आहे.

नेपाळ म्हणजे विधवांचा स्वर्ग, असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. तेथेही पतीनिधनानंतर स्त्रीच्या अंगावरचा लाल रंग उतरवला जातो, तिला पांढऱ्या वस्त्रांत गुंडाळले जाते. परंतु तेथील स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. लिली थापा यांनी १९९४ मध्ये विधवांची संघटना उभी केली. ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘एकल महिला’ हा शब्द त्यांनी रूढ केला आणि लाल रंग पुन्हा अंगावर घेण्याची चळवळ चालवली. २००९ च्या अर्थसंकल्पात नेपाळ सरकारने विधवेशी विवाह करणाऱ्यास पन्नास हजार रुपये देण्याची घोषणा केली, तेव्हा याच स्त्रिया संतापून रस्त्यावर आल्या. आमच्या संसाराची किंमत सरकारने ठरवावी काय, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे दुखणे दोन्हीकडे आहे. फरक इतकाच, की त्यांच्या संक्रांतीने घरातल्या थोरल्या स्त्रीला तिच्या कपाळाकडे पाहून पाटावरून उठवलेले नाही. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार समाजात तर या दिवशी आई घरातल्या सर्वांच्या टाळूवर तेल घालते. ती आई आहे, एवढेच त्या तेलाला पुरते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नगर जिल्हा हा बाजरीचा जिल्हा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला येथील घराघरांत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या थापल्या जातात. त्यासोबत लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी आणि ती भोगीची भाजी. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे ओले घाटे, बोरे, शेंगदाणे आणि वरून तिळाचे कूट. शिवारात त्या आठवड्यात जे जे पिकते, ते सारे एका कढईत येते. एकट्या वांग्याची ती भाजी होत नाही आणि एकट्या पावट्याचीही होत नाही. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपल्या आज्या म्हणत. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या अनेकांना बाजरीचा साक्षात्कार झाला. पारनेर-पाथर्डीच्या माउल्यांना तो पूर्वीच झालेला होता. पाथर्डी-शेवगावकडील कित्येक कुटुंबे या दिवसांत ऊसतोडीला बाहेर असतात. त्यांची भोगी फडाजवळच्या कोपीत, तीन दगडांच्या चुलीवर शिजते.

दुसऱ्या दिवशी सुगडांत ऊस, बोरे, घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ भरून गावोगावच्या स्त्रिया ववसायला देवळात जातात. लहानग्यांचे बोरन्हाण होते, नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे चालतात. हा आपला एक अत्यंत रम्य लोकाचार आहे. ज्या काळी स्त्रीला उंबऱ्याबाहेर पडण्यास निमित्त लागे, त्या काळी या लोकाचाराने तिला पंधरा-वीस दिवस शेजारणीपाजारणींकडे हक्काने जाण्याची मुभा दिली. तिला वाण लुटता आले, म्हणजे स्वतःच्या हाताने काही देता आले. हे सारे तुच्छ म्हणून झटकून टाकणाऱ्यांविषयी पुढे लिहितो. आधी आपल्या घरात पाहू.

भोगीची भाजी रांधणारी आजी घरातच असते. तीळ निवडते ती, गुळाचा पाक गोळीबंद झाला की नाही हे बोटांनी पाहते ती, सुनेला सुगडे पुजायला शिकवते तीही तीच. आणि सायंकाळी बैठकीच्या खोलीत पैठण्यांची सळसळ सुरू झाली, की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. कोणी सांगावे लागत नाही. लाडू तिच्या हातचे चालतात. हात चालत नाही. हा कोणता धर्म?

येथे काही मंडळी शास्त्राचा आधार पुढे करतील. धर्मशास्त्रकारांनी मकरसंक्रमणाला जे सांगितले ते स्नान, दान, जप आणि तिळाचा उपयोग. उटण्यात तीळ, पाण्यात तीळ, होमात तीळ, दानात तीळ, अन्नात तीळ. या यादीत सधवा-विधवा हा भेद कोठे बसवणार? सूर्य मकर राशीत प्रवेशतो तो अमक्या घरचा कर्ता पुरुष हयात आहे की नाही, हे पाहून प्रवेशत नाही. हळदीकुंकू हा लोकाचार आहे, आणि लोकांनी रूढ केलेले लोकांनी सुधारावे, यात धर्माला कसलीही बाधा येत नाही. अपशकुनाच्या कल्पनेची तर गोष्टच नको. दरवर्षी संक्रांत जवळ आली, की ती अमक्या वस्त्रावर आली आहे, अमक्या वाहनावर बसली आहे, एकुलता एक मुलगा असलेल्या आयांनी अमुक करावे, अशा अफवा भ्रमणध्वनीवरून फिरू लागतात. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की संक्रांत अशुभ नसते. ज्यांचा पंचांगावर विश्वास आहे, त्यांनी निदान पंचांगकर्त्यांचे तरी ऐकावे.

परंतु माझा खरा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या नावाशी निगडित आहे. ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे अहिल्यानगर या नावाची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नामांतर अधिकृतपणे पूर्ण झाले. २०२५ हे देवींच्या जन्माचे त्रिशताब्दी वर्ष. त्या वर्षी ६ मे रोजी मंत्रिमंडळाची बैठक थेट चौंडीला भरली. आम्ही सर्वांनी या साऱ्याचे हर्षभराने स्वागत केले, आणि ते उचितच होते. जामखेड तालुक्यातील या खेड्यात माणकोजी शिंद्यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी जन्मलेली ही कन्या होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. ती सती जाण्यास सिद्ध झाली तेव्हा मल्हाररावांनी तिला अडवले. सुनेत राज्य सांभाळण्याची योग्यता आहे, हे त्या सेनानीने ओळखले होते. पुढे १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत या स्त्रीने महेश्वरहून राज्य केले. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभे राहिले ते तिच्यामुळे. सोमनाथाची पूजा पुन्हा सुरू झाली तीही तिने बांधलेल्या मंदिरात. गयेचे विष्णुपद, काशीचा मणिकर्णिका घाट, गावोगावच्या विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे... यादी येथे पुरी होणार नाही.

हे सारे कार्य तिने केले तेव्हा ती विधवा होती. एकेचाळीस वर्षे ती विधवा होती. आपल्या शाळांत, कचेऱ्यांत, चौकाचौकांत तिची जी प्रतिमा आहे ती शुभ्रवस्त्रा, हाती शिवलिंग घेतलेली. त्या प्रतिमेला आपण हार घालतो, जयजयकार करतो. आता कल्पना करा. संक्रांतीची सायंकाळ आहे, तीच शुभ्रवस्त्रा स्त्री तुमच्या वसाहतीच्या दाराशी आली आहे. फलक वाचून ती आत येईल काय? विश्वेश्वराला घर देणाऱ्या हातावर तिळगूळ ठेवताना आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा क्षणभर अडखळतील काय? जिल्ह्याला नाव जिचे दिले, तिला त्याच जिल्ह्याच्या हळदीकुंकवात स्थान नाही, याहून मोठी विसंगती कोणती असू शकेल?

नगर हे लष्कराचेही शहर आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, आणि जिल्ह्यातील असंख्य गावांतून सैन्यात गेलेले तरुण आहेत. संक्रांतीनंतर बाराव्या दिवशी प्रजासत्ताक दिन येतो. त्या दिवशी हुतात्मा जवानाच्या पत्नीला आपण सन्मानाने व्यासपीठावर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, ‘वीरपत्नी’ म्हणतो, सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. त्याच वीरपत्नीला १४ जानेवारीच्या सायंकाळी शेजारची वहिनी दारावरून पुढे निघून जाते. पती देशासाठी गेला, म्हणून व्यासपीठावर ती पूज्य. पती गेला, म्हणून बैठकीत ती वर्ज्य. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्या रणावर पडलेल्यांचे पोवाडे आपण गातो. त्यांच्यामागे राहिलेल्या हजारो स्त्रियांच्या पुढच्या संक्रांती कशा गेल्या असतील, हा विचार आपल्या इतिहासप्रेमात कधी येतो काय?

आता हे सारे तुच्छ म्हणून झटकणाऱ्यांकडे वळतो. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या एका वर्गाचे उत्तर तयार असते : हळदीकुंकू हीच मुळात गुलामगिरी, ते बंद करा. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. ज्या शिक्षिकेला बैठकीत बसायचे आहे, तिला ‘आता बैठकच उठवली’ असे सांगून तिचे कोणते दुःख हलके होते? नेपाळच्या तराईतील थारू समाजाचा या बाबतीतला अनुभव बोलका आहे. त्यांची माघी म्हणजे हाच संक्रांतीचा सण, आणि तोच त्यांचा नववर्षारंभ. ‘कमैया’ या वेठबिगारीचे वार्षिक करारही माघीलाच ठरत. सणाच्या दिवशी गरीब कुटुंब आणखी एका वर्षासाठी जमीनदाराच्या दावणीला बांधले जाई. जुलै २००० मध्ये नेपाळ सरकारने कमैया प्रथा नष्ट केली. माघी बंद पडली नाही. ती आजही थाटात होते; फक्त तिच्यातला फास निघाला.

आणि आपल्या परंपरेला याचे वावडे कधी होते? रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सर्व जातींच्या स्त्रियांची एकत्र हळदीकुंकवे घडवून आणली. त्या काळी त्यावर केवढे काहूर उठले! त्यांनी हळदीकुंकू मोडीत काढले नाही, त्याचे दार रुंद केले. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला तो विधवेशी आणि पुढे तिच्यासारख्यांसाठी आश्रम उभारला. मकरसंक्रमण हा संघाच्या सहा उत्सवांपैकी एक. शाखेवर तिळगूळ वाटताना कोणी कोणाची जात विचारत नाही, घरची परिस्थिती विचारत नाही. तेथे समरसतेवरील बौद्धिक मन लावून ऐकणाऱ्या आम्हां स्वयंसेवकांच्याच घरी त्याच सायंकाळी सौभाग्याची चाळणी लागते. हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे गावात बंद. त्याच महिन्याच्या १७ तारखेला ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा मार्ग दाखवला. आमच्या जिल्ह्यात अकोल्याचे हेरंब कुलकर्णी यांनी करोनाकाळात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचे काम उभे केले. त्यांच्या सर्वच मतांशी आम्ही सहमत असू असे नाही. परंतु ज्या दारांपर्यंत आपण जायला हवे होते तेथे ते पोहोचले, हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

शब्द बदलून मात्र हे काम भागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावे, अशी सूचना शासनात पुढे आली आणि वाद पेटला. वास्तविक तो शब्द नवा नव्हताच. लग्नपत्रिकांत ‘गं. भा.’ ही दोन अक्षरे आपण पिढ्यान्‌पिढ्या छापत आलो आहोत. मोठे पवित्र नाव द्यायचे आणि माणसाला आतल्या खोलीत बसवायचे! मुलाच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत आईचे नाव ‘गं. भा.’ लावून छापले जाते, आणि मांडवात मुलाला ओवाळण्यासाठी दूरच्या मावशीला शोधून आणतात, कारण तिच्या नावामागे ‘सौ.’ आहे. नऊ महिने ज्या उदरात वाढला, त्या उदराचा अपशकुन होतो म्हणणाऱ्या रूढीचे समर्थन कोणी करून दाखवावे.

अडचणी आहेत, हे मी जाणतो. त्या शिक्षिकेस नुसते निमंत्रण पाठवून त्या येणार नाहीत. चार वर्षे ज्या जिन्यावरून उतरल्या नाहीत, तो जिना त्यांना परका झाला आहे. आपल्यामुळे कोणाचा तरी चेहरा उतरेल, नव्या सुनेची सासू कुजबुजेल, ही भीती त्यांच्या मनात आहे. आणि ती निराधार नाही. म्हणून पहिले पाऊल विधवेने उचलावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. वसाहतीतल्या सर्वांत ज्येष्ठ सुवासिनीने त्यांच्या दारी जावे, हाताला धरून खाली आणावे आणि पहिले वाण त्यांच्या पदरात घालावे. पुढच्या कुजबुजीला तेवढ्याने बराच पायबंद बसेल, असा माझा अनुभव नाही; परंतु अदमास आहे. मंदिरांच्या विश्वस्तांनी, महिला मंडळांनी, बचत गटांनी आपापल्या पत्रकांतून ‘सौभाग्यवती’ हा शब्द काढून ‘भगिनी’ एवढाच ठेवावा. जिल्ह्याचे नाव बदलण्यास राजपत्र लागले. या शब्दाला खडू पुरेल.

आमच्या समितीपुढे मी हा विषय मांडला. दोघांनी पाठिंबा दिला, एकाने ‘लोक काय म्हणतील’ हे विचारले, बाकीचे गप्प राहिले. आमच्या सौ. म्हणाल्या, “समितीचे काय ते तुम्ही पाहा. मी यंदा बाईंकडे स्वतः जाणार आहे, आणि आमांनाही घेऊन जाणार आहे.” फलकावरील नव्या सूचनेचा मसुदा सध्या माझ्या मेजावर आहे. स्वाक्षरी अजून केलेली नाही.